साबणाच्या कढईचा त्रागा

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. तुमच्या घरच्या ओट्यावर मावते तसली नव्हे. माझ्यात चार माणसे उभी राहून गप्पा मारू शकतील एवढी मोठी, जाड लोखंडी पत्रे जोडून केलेली, साबण शिजवायची कढई. सध्या मी एका ऑफिसच्या दर्शनी दालनात उभी आहे. अंगाला सोनेरी रंग फासला आहे, पोटात प्लॅस्टिकची फुले खुपसली आहेत आणि समोरच्या पाटीवर 'आमचा वारसा' असे लिहिले आहे. मला त्या फुलांचा भयंकर राग येतो. पण मला विचारतो कोण?

माझा जन्म एका लोहाराच्या शेडमध्ये झाला. ठोकून ठोकून त्याने मला जीव नकोसा केला होता. "गळलीस तर माझी अब्रू जाईल," असे तो प्रत्येक घावाला पुटपुटायचा. मी गळले नाही. मला न्यायला दोन भाऊ आले, थोरला आणि धाकटा, आणि मागोमाग त्यांची बहीण. भावांनी माझी मापे घेतली. बहिणीने माझ्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिला घासणार मी. तुम्ही दोघं कुचकामी आहात." पुढे भावांची मुले तिला आत्या म्हणू लागली आणि त्यांचे ऐकून सगळा कारखानाच तिला आत्या म्हणू लागला.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबलचक शेड. मागे वड्या वाळत घालायच्या फळ्या आणि पुढे रस्त्यावर उघडणारी विक्रीची खिडकी. थोरला माझ्यात तेल ओतायचा, धाकटा कॉस्टिकचे पाणी सोडायचा आणि मी रटरटू लागायचे. कॉस्टिक हे मोठे जहाल प्रकरण. तेलात ते पुरते मुरले नाही तर साबण हातांची सालटी काढतो. ते मुरले की नाही हे आत्या ठरवायची. पळीवर साबणाचा ठिपका घ्यायची, फुंकर मारून निववायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि लगेच खळखळून चूळ भरायची. (तुम्ही मात्र असले काही करायला जाऊ नका.) जीभ चुरचुरली की म्हणायची, "अजून नाही." मग दारात गाडी उभी असो की घाऊक व्यापारी हातपाय आपटत असो, भावांची ब्र काढायची टाप नव्हती. तिने "हं" म्हटल्यावरच साबण साच्यात जायचा आणि प्रत्येक वडीवर घराण्याचे नाव उमटायचे. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायका खिडकीशी येऊन सांगायच्या, "तुमच्या साबणानं हात हातासारखे राहतात बघा." ते ऐकून आत्या दिवसभर खुशीत असायची आणि तशी नाही असे दाखवायची.

आता या दोन भावांचे सांगते. त्यांचे एकमेकांशी बोलणे बंद होते. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. नवी शेड बांधायची ठरली होती, तिचे दार आत उघडावे की बाहेर, यावरून दोघांचे वाजले. शेड राहिली बाजूला, अबोला तेवढा पक्का झाला. पण काम तर एकत्र करायचे! मग ते माझ्याशी बोलत. थोरला माझ्यात डोकावून म्हणे, "कढई, त्याला सांग, आच कमी कर." धाकटा पलीकडून म्हणे, "कढई, त्याला सांग, मला डोळे आहेत." मध्ये मी फसफसत उभी.

"अरे गाढवांनो," आत्या ओरडायची, "ती बिचारी आधीच उकळतेय, तिला कशाला मध्ये घेता?"

दोघेही हसायचे, पण वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून. कामगारांना या प्रकाराची मोठी गंमत वाटायची. खरे सांगायचे तर मलाही वाटायची. मग एक मोठी कंपनी कारखाना विकत घ्यायला आली.

कंपनीचा माणूस गोड बोलणारा होता. तो आधी थोरल्याला माझ्यापाशी गाठून म्हणाला, "तुमचे धाकटे बंधू विकायला तयार आहेत. त्यांनी आधी सही केली तर तुमच्या अर्ध्या कारखान्याला कुत्रंही विचारणार नाही." दुसऱ्या दिवशी धाकट्याला त्याच जागी, त्याच सुरात, थोरल्याचे नाव घालून तेच सांगितले. खरे तर दोघांपैकी एकानेही होकार दिला नव्हता! "काय रे, तू विकतोयस?" एवढे विचारले असते तर सगळा डाव तिथेच उघडा पडला असता.

संध्याकाळी थोरला माझ्या काठावर कोपरे टेकून उभा राहिला. "कढई, त्याला विचार..." म्हणाला आणि थांबला. पलीकडे धाकटा हातातला झारा तसाच धरून वाट बघत होता. त्याला ऐकायचे होते, मला दिसत होते ना! थोरल्याने मान फिरवली आणि तो निघून गेला. मित्रांनो, मला तोंड आहे ते हौदाएवढे, पण त्यातून एक शब्द फुटत नाही. त्या संध्याकाळी इतकी चिडले मी, की माझा एखादा जोड उसवेल असे वाटले.

दोघांनीही सही केली. आत्याला कुणी विचारले नाही, कारण कारखान्याच्या कागदांवर तिचे नाव कधी कुणी घातलेच नव्हते. तिला कळले तेव्हा तिने दोघांना माझ्यासमोर उभे करून असे झापले की कामगार जेवणाची सुट्टी सोडून ऐकत राहिले. शेवटी कंपनीचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला, "आत्या, तुम्ही कुठेही जाणार नाही. साबण झाला की नाही, यात तुमचाच शब्द शेवटचा."

आत्याने विश्वास ठेवला. तिला तेवढेच तर हवे होते.

कंपनीने एक नवे साहेब पाठवले आणि त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेतल्या बाई. बाई साबणावर काचेच्या नळीतून एक थेंब टाकायच्या. ठिपका गुलाबी झाला की साबण कच्चा. आत्याने आधी नाक मुरडले, पण चार-सहा घाण्यांत तिच्या लक्षात आले की थेंब आणि जीभ एकच सांगतात. दोघींची चांगली गट्टी जमली. मला वाटले, चला, निभावले!

मग साहेबांनी तेल हलके आणले, भट्टीचा वेळ कापला आणि एका सकाळी गाडी वेळेआधीच दारात लावली. आत्याने ठिपका जिभेला लावला. चूळ भरून म्हणाली, "अजून नाही." बाईंनी थेंब टाकला. ठिपका गुलाबी झाला.

"सर, आत्यांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आणखी शिजायला हवा."

"छान," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "दोघींचं मत मिळालं. आता ओता."

"माझा शब्द शेवटचा होता ना?" आत्याने विचारले.

"आहेच की! आमचं सगळं ठरल्यावर तुम्हीच तर बोललात."

साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. कामगार आत्याकडे बघत राहिले, साहेब पुन्हा ओरडले आणि साचे भरले गेले. थोरला आणि धाकटा दोघेही तिथेच होते. आता दोघेही कंपनीचे सल्लागार होते आणि दोघांनीही सल्ला दिला नाही.

त्यानंतर लवकरच चकचकीत स्टीलची टाकी आली. मला घासूनपुसून, रंगवून इथे, शेडला लागून बांधलेल्या कंपनीच्या ऑफिसात आणून ठेवले. विक्रीची खिडकी विटा लावून बुजवली. तक्रारीसाठी एक फोन नंबर आला. त्यावर गाणे वाजते.

परवा एक धुणेवाली बाई आली. खिडकी शोधत भिंतीला वळसा घालून ती थेट या दालनात शिरली. तिचे दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले होते. रखवालदार तिला फोन नंबर सांगत होता आणि ती म्हणत होती, "दादा, या हातांनी नंबर कसा दाबू?"

आवाज ऐकून आत्या शेडमधून बाहेर आली. तिने बाईच्या हातांवरचे फडके सोडले. बोटांच्या पेरांवर भेगा पडून आतले लाल मांस दिसत होते. आत्याने तिच्याकडची वडी जिभेला लावली आणि तिचा चेहराच उतरला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर थोरला वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. आत्या तरातरा त्याच्याकडे गेली.

"त्यांना सांग, आपलं नाव काढा यावरून. काय वाटेल ते करा म्हणावं, पण आपल्या नावानं नको."

थोरल्याने वर्तमानपत्र खाली केले. "अगं, त्यांनी नावच तर विकत घेतलंय. उद्या आपण घरी दोन वड्या केल्या ना, तर त्यांच्यावर आपल्याला ते घालता येणार नाही."

 आत्या त्या बाईपाशी परत आली आणि तिच्या हातांवर पुन्हा हलकेच फडके बांधू लागली. "बाई गं, हा साबण आमचा नाही. घेऊ नकोस पुन्हा."

बाईने वडी उलटी करून पाहिली. "असं कसं, आत्या? नाव तर तुमचंच आहे की."

 आत्या फडक्याला गाठीवर गाठ मारत राहिली.

मित्रांनो, घरचा धंदा विकायचा असेल तर खुशाल विका. धंदे विकले जातात, त्यात पाप नाही. पण विकण्याआधी घरातल्या सगळ्यांनी समोरासमोर बसा. भांडा, आदळआपट करा, पण बोला. आणि जिच्या एका शब्दावर लोकांनी तुमच्यावर विश्वास टाकला, तिला आधी विचारा. कारण पुढे कुणीतरी हात पोळून दारात येते, आणि त्याला तोंड द्यायला तीच उभी राहते.