औंढ्याच्या नाटकातलं वादळ

रतनबाईने तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवून कथलाचा कालचाच डाग पुन्हा वितळवला आणि चिमट्याने ट्रान्झिस्टरचा पाय अलगद बाहेर ओढला. समोरचं यंत्र अजून मुकंच होतं. पडद्याच्या या बाजूला ती होती आणि त्या बाजूला गल्ल्यावर तिचा नवरा अंबाजी. लोणावळ्याच्या बाजारातल्या त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पडद्यामागे काय चालतं, याचा दोन वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी अंबाजीचे हात कापायला लागले. आधी चहाची बशी वाजली, मग पेचकस सुटायला लागला. गोळ्या झाल्या, काढे झाले. हात काही ऐकेनात. तेव्हापासून तो शालीखाली हात घेऊन बसायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ठेवा तितं, उद्या या." गिऱ्हाईक वळलं की रेडिओ पडद्यामागे जायचा. तो सांगायचा, ती जोडायची. लग्नाआधी रतनबाई चिक्कीच्या भट्टीवर कामाला होती. उकळता पाक नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या बाईला कथील कधी धरलं आणि कधी नुसतंच चिकटलं, हे फार शिकवावं लागलं नाही. नाव मात्र अंबाजीचंच चालत होतं. मेकॅनिकचे हात गेले हे कळलं तर दुकानाला टाळं लागेल, याची धास्ती दोघांनाही होती.

आणि अशात चार दिवसांपूर्वी औंढे गावचा धोंडिबा खोकं घेऊन आला. जत्रेतलं नाटक तो बसवायचा. नाटकात वादळ होतं आणि गेल्या साली वादळाच्या आवाजासाठी हलवलेला पत्रा दोरी तुटून सेनापतीच्या अंगावर आला होता. सेनापती तोवर लढाईत मेलेला. तो शिव्या देत उठून बसला. तालुकाभर हसं झालं. म्हणून यंदा धोंडिबाने मुंबईहून हे सुटे भाग आणवले होते. सोबतच्या कागदावरचा नकाशा बघून जोडले की वाऱ्याचा आवाज काढतात म्हणे.

"अंबाजीभाऊ, तुमी न्हाई म्हनलात तर कुनाच्या दारात जाऊ? रविवारी जत्रा हाय."

अंबाजी नाही म्हणू शकला नाही. आता शुक्रवार उजाडला होता.

"परत देऊन टाकू ते खोकं," तो पडद्याआडून म्हणाला. "सामानच खराब हाय म्हनून सांगतो."

"सामान खराब न्हाई. कागदावर हाय तसं आपन जोडलंच न्हाई."

नकाशात एक ट्रान्झिस्टर चक्क उलटा दाखवला होता, आणि त्याचा एक पाय कशालाच न जोडता मोकळा सोडलेला. छापणाऱ्याची चूक, असं म्हणून अंबाजीने तो सरळ जोडायला लावला होता. रतनबाईने तीनदा सरळ जोडला, तिन्ही वेळा यंत्राने हूं की चूं केलं नाही.

"उलटा जोडलास तर जळंल त्यो. अगं, वीस वर्सं मी हेच काम केलंय."

"वीस वर्सं तुमी रेडिओतली खरखर काढली. हितं ती घालायची हाय."

अंबाजी मग पुटपुटला, "जळला तर?"

"जळू दे. पन करून बघितल्याबिगर मी खोकं परत देनार न्हाई."

तिने ट्रान्झिस्टर उलटा बसवला, एक पाय मोकळा सोडला, कथलावर फुंकर मारली आणि यंत्राची वायर दुरुस्तीला आलेल्या एका मोठ्या रेडिओला लावली. बटण फिरवताच सूं असा आवाज दुकानभर पसरला. अंबाजी गल्ला सोडून आत धावला. दोघं लहान पोरांसारखी हसली. तिला इतका आनंद झाला की डोळे पुसायला पदरही लवकर सापडेना.

दुपारी धोंडिबा आला. यंत्र आणि रेडिओ आता गल्ल्यावर मांडले होते. त्याने बटण हळूहळू फिरवलं, कान लावला आणि त्याचा चेहरा पडला.

"भाऊ, ह्यो तर स्टोव्ह झाला. जोरात केला तरी स्टोव्ह, बारीक केला तरी स्टोव्ह. लोकं हसतील. त्यापेक्षा पत्रा बरा." मग त्याने यंत्र अंबाजीपुढे सरकवलं. "तुमी फिरवून दावा की. तुमच्या हातची वस्तू."

अंबाजीचे हात शालीखालीच राहिले. रतनबाईने ते पडद्याच्या फटीतून पाहिलं. पडदा सारून ती बाहेर आली.

"थांबा भावजी, मी दावते."

तिचा हात भट्टीवर तयार झालेला, जरा तरी कसा थरथरेल? आवाज एका रेषेत वर गेला, एका रेषेत खाली आला. यंत्र परत न्यायला धोंडिबाने खोक्याकडे हात नेला.

तेवढ्यात शाल हलली. "अहो," रतनबाई दबक्या आवाजात म्हणाली, पण अंबाजीने हात बाहेर काढला होता. त्याने बटण धरलं. हाताबरोबर बटण कापू लागलं. आवाज चढता चढता अडखळला, एकदम उसळला, दबला, पुन्हा अंगावर आला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने डोक्यावरची टोपी दाबून धरली आणि आभाळाकडे बघितलं.

"आला! वारा आला!" धोंडिबा ओरडला.

मग त्याला हात दिसला. तो त्या हाताकडे बघत राहिला. तिथून त्याची नजर रतनबाईच्या बोटांवरच्या चटक्यांवर गेली. 

"रविवारी तुमीच बसायचं, भाऊ," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हाताला जमायचं न्हाई हे."

इतक्यात कुसगावची भामाबाई रेडिओ कडेवर घेऊन पायरी चढली आणि नेहमीसारखा तो अंबाजीपुढे धरला. अंबाजीने बटणावरचा हात काढला नाही.

"तिच्याकडं द्या, मावशी," तो म्हणाला. "मी कामात हाय."