त्या दिवशी राही कुठं होती

भिमाजींनी ताटावरून उठू पाहणाऱ्या मेहुण्याचा सदरा धरला.

"आप्पा, खाली बस. काय म्हनला तू आत्ता?"

"कुठं काय, दाजी." आप्पासाहेब अवघडून परत बसले. "जाऊ द्या. आज दहावा हाय तिचा."

सकाळी पुणतांब्याच्या घाटावर राहीबाईचा दशक्रिया विधी झाला होता. प्रवचन संपल्यावर माजी सरपंच श्रद्धांजलीला उभे राहिले आणि त्यांनी माइकवरून तोच प्रसंग सांगितला, जो भिमाजींनी चाळीस वर्षं गावाला ऐकवला होता. इंदिरा गांधींना मारलं त्या दिवशी भिमाजी आणि राही भुईमूग उपटत होते. बांधावरच्या रेडिओनं सांजेला बातमी दिली. राही मटकन खाली बसली आणि चारचौघांत तिनं नवऱ्याचा हात धरला. लग्नाला दोन वर्षं झालेली. उघड्यावर हात धरायची ती पहिली वेळ, आणि शेवटचीही. ऐकून बायांनी डोळे पुसले. आणि आता जेवता जेवता आप्पासाहेब शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले होते, की अक्का तर तेव्हा माहेरी, आमच्याकडं खर्ड्याला होती.

"बोल की."

"दाजी, दिवाळीला मुराळी म्हनून मीच आलो हुतो तिला न्यायला, आमच्या आबांसंगं. बारा वर्साचा हुतो. भाऊबीज झाली अन् मागून ही बातमी. एश्ट्या बंद पडल्या. पंधरा दिस अडकली ती." त्यांनी हसून पाहिलं. "तुमीच न्हाई का म्हनायचे, कडूबाईच्या भाकरी खाऊन दात हालाय लागले म्हनून?"

शेजारच्या कडूबाईच्या भाकरी भिमाजींना आठवत होत्या. त्या कोणत्या साली खाल्ल्या, ते आठवेना. ओल्या शेंगांचा वास आठवत होता. बांगडी मनगटाला टोचली होती, तेही आठवत होतं. त्यांनी मनगट चोळलं.

"पन मी सांगायचो तव्हा ती समोर बसलेली असायची," ते म्हणाले. "कवा न्हाई म्हनली न्हाई. उलट म्हनायची, माझ्या हाताला माती हुती, तीबी सांगा."

"मग मलाच चुकीचं आठवत असंल, दाजी."

"तुला कसं आठवतंय ते सांग."

आप्पासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. पंगत उठत होती.

"चुलीपुढं हुती ती. बातमी कळली तशी उठली, पिशवी भरली. म्हनली, मला आत्ताच्या आत्ता घरी सोडा, ते एकलेच हायेत. आबा लई बोलले तिला. तर मला म्हनली, तू चल. आमी दोघं फाट्यावर जाऊन उभं ऱ्हायलो. एक गाडी न्हाई आली. अंधार पडला तरी हलंना. माझा हात धरून ठेवला हुता तिनं, सोडंचना."

वाढपी पोरं पत्रावळ्या गोळा करत त्यांच्यापर्यंत आली, थांबली आणि पुढं गेली.

"कंचा?"

"काय, दाजी?"

"हात. कंचा धरला हुता?"

आप्पासाहेबांनी दोन्ही हात पुढं धरले. उजव्याला अजून वरण लागलेलं होतं. ते एकदा या हाताकडं, एकदा त्या हाताकडं पाहत राहिले.