पिल्लांची सोय

नूपुर मॅडम स्टुलावर चढून सुगरणीचं घरटं पंख्याच्या हुकाला बांधत होत्या. खाली सातवीतली वेदिका दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती. घरटं इतकं देखणं होतं, की सभागृहातली थर्माकोलची झाडं आणि सीताबर्डीतून विकत आणलेली प्लॅस्टिकची फुलपाखरं त्याच्यापुढे अगदीच केविलवाणी दिसत होती.

प्रदर्शनाचं नाव होतं 'निसर्ग आपल्या दारी'. शाळेच्या दारात मात्र निसर्गापैकी आता काही उरलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात बसगाड्या वळवायला जागा हवी म्हणून कडुनिंब तोडले आणि मैदानभर सिमेंटचे गट्टू बसवले. तेव्हा निसर्ग मुलांनीच बाहेरून आणावा असं ठरलं. नूपुर मॅडमना याची भयंकर चीड होती. तरीही, खरं घरटं आणेल त्याला पूर्ण गुण, असं वर्गात त्यांनीच सांगितलं होतं. त्या निमित्ताने तरी पोरांनी मान वर करून एखादं झाड बघावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

"कुठं मिळालं हे?"

"रामटेकले, मॅडम. आजीकडे. विहिरीवर बाभूळ आहे नं, मामानं आकडीनं फांदी वाकवली अन् मी तोडलं."

मॅडमचा हात गाठीवर थांबला. श्रावण अजून सरला नव्हता, सुगरणीच्या विणीचे हेच दिवस.

"आत काही नव्हतं ना?"

"होती नं. तीन पिल्लं. पण मी त्याइची सोय केली. बाजूच्या घरट्यात अलगद ठेवून दिली. त्यात पहिलेच पिल्लं होती, सोबत होऊन गेली त्याइले."

मॅडम सावकाश खाली उतरल्या. वेदिकाने स्टूल सोडलं नाही.

"मॅडम, त्याइची माय ओळखन नं त्याइले?"

पोरगी हा प्रश्न घेऊनच शाळेत आली असणार.

"ओळखेल," त्या म्हणाल्या.

वेदिकाचा जीव भांड्यात पडला.

"मले वाटलंच होतं! मग रविवारी मुग्धासाठी पण एक आणीन. तिच्याजवळ काहीच नाही, रडून राहिली ती. तिथं लय घरटी आहेत, अन् पिल्लं ठेवाले जागा पण आहे."

मॅडमनी तिला हात धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"वेदिका, मी आत्ता खोटं बोलले. पाखरू आपलं घरटं ओळखतं. घरटंच जागेवर नसलं तर पिल्लं कुठे गेली हे त्याला कळत नाही. त्यांना कोणी भरवलं नसेल गं."

"बाजूच्या मायनं पण नाही?"

"तिला तिचीच जड होतात."

वेदिका रडली नाही. युनिफॉर्मला हाताचे तळवे पुसत राहिली.

"मग आतापर्यंत..."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात मुख्याध्यापिका परीक्षकांना घेऊन आत आल्या. परीक्षक थर्माकोलच्या झाडांवरून नजर फिरवत थेट घरट्याखाली येऊन थांबले. चष्मा वर करून त्यांनी घरटं चारी बाजूंनी न्याहाळलं.

"वा! अस्सल आहे हो! कोणी आणलं हे?"

मुख्याध्यापिकांनी हसून वेदिकाला खूण केली. ती उठली. तिने वर पाहिलं नाही.

"मॅडमनं आणाले सांगतलं होतं," ती म्हणाली.

परीक्षकांनी मोठ्या कौतुकाने नूपुर मॅडमकडे पाहिलं.