सात सह्या

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे. फिरून नव्हे, उभी राहून जुनी झालेली. मीटरवर अकरा हजार किलोमीटरही नाहीत. कर्वेनगरातल्या एका सोसायटीत माझ्या टपावर मांजर झोपतं, तेवढाच माझा उपयोग.

२००७ साली खराडीच्या आयटी कंपनीतल्या अस्मिताने मला आईवडिलांसाठी घेतलं. आई हेमाताईंचे गुडघे गेलेले, रिक्षात चढवेना. वडील यज्ञेश्वरराव जिल्हा परिषदेतले निवृत्त हेडक्लार्क. दर रविवारी दोघांना खराडीला लेकीकडे न्यायचं, एवढंच माझं काम. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, शेजाऱ्यांनी कौतुक केलं.

पण खोट माझ्यात जन्मापासून होती. इंजिन तापलं की मी चालता चालता बंद पडायचे. पहिल्यांदा बंद पडले ती येरवड्याच्या पुलावर. मागच्या ट्रकचा ब्रेक जेमतेम लागला. हेमाताईंनी दाराची मूठ अशी धरली होती की यज्ञेश्वररावांना त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पुष्कर नावाचा गोडबोल्या होता. तो मला सकाळी, इंजिन थंड असताना, आवारात दोन चकरा फिरवायचा. थंड असताना मी झकास चालते. एकदा तरी त्याच्या हाताखाली बंद पडायला हवं होतं मी. नाही पडले. त्याचा सल मला अजून आहे.

"काका, गाडीत काही नाही. नवी आहे, हात बसू द्या."

"हात बसलाय हो," यज्ञेश्वरराव म्हणाले, "आता गाडी उठायचं बघा."

पुष्कर हसायचा आणि कागद पुढे करायचा. त्यावर छापलेलं असे : काम पूर्ण झाले, ग्राहक समाधानी. सहीशिवाय गेटपास नाही, गेटपासशिवाय गाडी नाही. ही तर नुसती फॉर्मॅलिटी, असं तो म्हणायचा. बाहेर हेमाताई दुखऱ्या गुडघ्यांनी उन्हात उभ्या. यज्ञेश्वरराव कागद वाचायचे, कुरकुरायचे आणि सही करायचे. असं सात वेळा झालं.

मग त्यांनी कंपनीला पत्रं लिहिली. कंपनीने शोरूमकडे बोट दाखवलं, शोरूमने कंपनीकडे. शेवटी ते ग्राहक मंचात गेले. तिथे मात्र कंपनी आणि शोरूम, दोघांचा वकील एकच होता. त्याने ते सात कागद टेबलावर ओळीने मांडले.

"सह्या आपल्याच ना?"

"माझ्याच."

"सही केलीत ना? मग आता काय?"

यज्ञेश्वररावांची मान खाली गेली. हेच वाक्य त्यांनी कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसांना तीस वर्षं ऐकवलं होतं. लबाडी केली दुसऱ्यांनी आणि शरमले हे. तक्रार फेटाळली गेली.

हेमाताई पुन्हा माझ्यात बसल्या नाहीत. खराडीचा रविवार फोनवर आला.

परवा कुरियरवाला आला. सही मागू लागला. यज्ञेश्वरराव माझ्या बॉनेटवर खोकं ठेवून सावकाश चिकटपट्टी सोडवू लागले. तो वैतागला, म्हणाला, आजोबा, आधी सही द्या, मला उशीर होतोय.

"होऊ दे," ते म्हणाले.

मित्रांनो, मला धुऊ नका, पुसूही नका. पण कोणी घाईने कागद पुढे केला, तर त्याला असाच उशीर होऊ द्या. माझ्या माणसाला हे आठव्या वेळी जमलं. तोवर गाडीत बसायला कुणी उरलं नव्हतं.