कुलूपबंद अल्बममधल्या चाव्या

आमच्या गल्लीत एकाही घरात चोरी झाली नाही. सगळी कुलपं जागेवर आहेत, सगळे दागिने जागेवर आहेत, आणि ज्यांच्याकडे दागिने नाहीत त्यांचं ते नसणंही जागेवर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलं, कारण शेवट कळल्याशिवाय माझ्या आईला गोष्ट ऐकवत नाही. तिचं समाधान झालं. आता वरचं काही मी लिहिलंच नाही असं धरून चालू. गल्लीचं काय होणार हे कोणालाही ठाऊक नाही, मंगळवारची दुपार आहे, आणि मी ऑफिसात बसून एक आकडा बदलतो आहे.

आकडे बदलणं हे माझं कामच आहे. आमची कंपनी घरच्यांना फोटो पाठवायचं मोबाइल अ‍ॅप बनवते. लोक जी बटणं दाबतात ती दाबून बघायला कोणीही मिळतं. शहाणा माणूस जे बटण कधी दाबणार नाही, ते दाबून बघायला मला ठेवलंय. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं की तुमच्या हातून वस्तू मोडतात का. उत्तर द्यायच्या आधीच खुर्चीचा हात माझ्या हातात आला. त्याच दिवशी नेमणूक झाली.

आमच्या अ‍ॅपमध्ये ‘कुलूपबंद अल्बम’ असतो. त्यावर सोनेरी कुलपाचं चित्र आहे. आतले फोटो फक्त मालकाला दिसतात, असं जाहिरातीत एक आजोबा छातीवर हात ठेवून सांगतात. प्रत्येक फोटोला इंटरनेटवर एक पत्ता असतो आणि पत्त्याच्या शेवटी आकडा. मी माझ्याच कुलूपबंद फोटोचा पत्ता उघडला आणि आकडा एकाने वाढवला. खरं तर अ‍ॅपने मला तिथेच अडवून ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारायला हवं होतं. ते मुकाट्याने बाजूला झालं. समोर कोणाच्या तरी न्हाणीघराच्या फरशा आल्या. आणखी एक वाढवला, तर स्वेटर घातलेलं मांजर, घोर अपमान झाल्यासारखं. आणखी एक, तर सुजलेला घोटा आणि खाली ओळ, ‘हा बघ, आता तरी येशील का’. थोडक्यात, दारावर कुलूप रंगवलेलं होतं. दाराला कडी नव्हती.

इथवर मी खुशीत होतो. एवढी मोठी चूक सापडली की आमच्याकडे केक मागवतात. केक कोणता सांगावा याचा विचार करत मी आकडा आणखी एकाने वाढवला.

ऑफिसचं नेट आमच्याच अ‍ॅपवर खार खाऊन असतं, त्यामुळे फोटो यायच्या आधी त्याच्याखालची ओळ आली. ‘डॉक्टरीणबाई. तिसरा मजला, डावीकडचं दार. दुपारी घरी कोणी नसतं.’ मग फोटो खालून वर उलगडायला लागला. आधी हिरवं रेक्झिन दिसलं, त्यावर इस्त्रीच्या आकाराचा जळका डाग. माझं अर्धं शिक्षण त्या डागावर झालंय. ते माझ्या बाबांच्या दुकानातलं टेबल होतं, आणि माझे बाबा चाव्या बनवतात.

दुसऱ्याचा खासगी फोटो दिसला तर लगेच नजर फिरवायची, असा कंपनीचा नियम आहे. मला नियमाची गरज पडली नाही. नजर आपसूकच फिरली, तिच्यासोबत ऑफिसही फिरलं, आणि मी पान बंद करून टाकलं.

हे फोटो कुठून आले ते सांगायला हवं. मागे एकदा बाबांच्या हातून शिंप्याची चावी दंतवैद्याला गेली आणि दंतवैद्याची शिंप्याला. दोघंही आपापल्या दाराशी अर्धा दिवस झटापट करत उभे राहिले. दोघांनीही दोष दाराला दिला आणि शिंप्याने तर दार बदललं. तेव्हापासून आईने फर्मान काढलं, की दुकानात ठेवून गेलेल्या प्रत्येक चावीचा फोटो काढायचा आणि खाली कोणाची, कुठली, कधी पोचवायची ते लिहायचं. त्याच सुमारास आमच्या साहेबांनी सगळ्यांना आपापले नातेवाईक अ‍ॅपवर आणायला सांगितलं होतं. मी बाबांना आणलं. बाबांना ते सोनेरी कुलूप फार आवडलं. कुलपाची जात चांगली दिसते, असं म्हणाले.

आता धंद्यातली एवढीच गोष्ट लक्षात ठेवा: चावीचे दात स्पष्ट दिसणारा फोटो असला, की त्यावरून जाणता माणूस दुसरी चावी कापू शकतो. म्हणजे बाबांनी जगापुढे गल्लीभरच्या चाव्या मांडल्या होत्या, सोबत पत्ते दिले होते, आणि येण्याची सोयीस्कर वेळही कळवली होती.

अ‍ॅपचा हा भाग ज्याने लिहिला त्याला आम्ही कासव म्हणतो. कासवाला सांगितलं तेव्हा तो संत्रं सोलत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोड तोंडात टाकली आणि म्हणाला, “पण माणूस आकडा कशाला बदलेल?”

“मी बदलला ना.”

“तुला पगार आहे त्याचा. चोराला कोण देतंय?”

मग मात्र त्याने पडद्यावर आपणच लिहिलेलं वाचलं आणि संत्रं खाली ठेवलं. कासवाने खाण्याची वस्तू खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली. भोक बुजवायला संध्याकाळ होईल, असं तो म्हणाला. तोवर अख्खं अ‍ॅप बंद ठेवायचं तर साहेबांची परवानगी हवी, आणि साहेब विमानात होते. आमचं अ‍ॅप किती सुरक्षित आहे यावर भाषण द्यायला निघाले होते. बाबांचे फोटो लगेच काढून टाकायचे तर ते फक्त अल्बमच्या मालकालाच, म्हणजे बाबांनाच जमणार होतं. बाबा फोन उचलेनात. मशीन चालू असलं की त्यांना फोन काय, भूकंपही ऐकू येत नाही.

मी दुकानाकडे पळालो. वाटेत दिसणारा प्रत्येक माणूस मला चोर वाटत होता. एक आजी जिन्यात दम खात उभी होती, तिच्याकडेही मी संशयाने पाहिलं. तिनेही माझ्याकडे तसंच पाहिलं, आणि दिसण्यावरून तिचं बरोबर होतं.

शेजारी मशीन घरघरत होतं आणि बाबा कानशीने एका चावीची धार मोडत होते. मी मशीन बंद केलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांचा एक दंडक आहे, गिऱ्हाइकाच्या चावीची नक्कल आपल्याकडे राहता कामा नये. कापताना एखादी बिघडली तर ती गिऱ्हाइकासमोर पत्रा कापायच्या कात्रीने दोन तुकडे करून त्याच्याच हातात देतात. लोकांना तुकडे नको असतात, बाबा ऐकत नाहीत. एका बाईंनी त्यांची माळ करून घातली होती.

“म्हणजे नकला ठेवल्याच की मी,” बाबा म्हणाले. “सगळ्यांच्या.”

मी म्हटलं की तुमची चूक नाही, कुलूपच खोटं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते कुलूप न तपासता विकणाऱ्याकडे बघतात. मग त्यांनी भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. त्यांनी ठरवलं असं, की प्रत्येक दाराशी स्वतः जायचं, सांगायचं, कुलूप पदरचं बदलून द्यायचं आणि त्यानंतर दुकान कायमचं बंद करायचं. ज्याच्यावर गल्लीने दार सोपवलं त्याने असं केल्यावर पुन्हा टेबलामागे बसायला तोंड राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते हत्यारं पिशवीत भरू लागले.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून आधी डबा आत आला आणि मागोमाग आई. तिला परिस्थिती सांगितली. तिने बाबांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“अहो, निघालात खरे,” ती म्हणाली, “पण ते फोटो पाहिलेत का कोणी?”

कोणीच पाहिले नव्हते. मी नियमाने नजर फिरवली होती. बाबा फोटो काढत, खाली लिहीत आणि पुढे फक्त लिहिलेलं वाचत. चावी शेजारीच असताना तिचा फोटो काय बघायचा, असा त्यांचा रोखठोक हिशेब. आईने फोन मागून घेतला, चष्मा वर केला आणि पहिला फोटो उघडला.

हिरवं रेक्झिन. जळका डाग. चावीची मूठ, भोक, भोकातला दोरा. आणि पुढे, जिथे दात असायला हवे तिथे, बाबांचा अंगठा.

दुसरा उघडला. अंगठा. तिसरा, अंगठा. चौथ्यात छत होतं. पाचव्यात अंगठा, जरा जवळून. बाबा हातात आलेल्या चावीच्या दातांवरून आधी अंगठा फिरवतात. दात झिजलेत का, कुठे कड वर आलीय का, हे त्यांना डोळ्यांनी नाही, अंगठ्याने कळतं. तो एकदा दातांवर बसला की हलत नाही, आणि फोटो डाव्या हाताने काढायचा. अख्खा अल्बम म्हणजे एकाच अंगठ्याचं सचित्र चरित्र होतं. अ‍ॅपलाही ते पटलं असावं, कारण त्याने वर सूचना दिली होती: ‘ही व्यक्ती तुमच्या बऱ्याच फोटोंत आहे. हिचं नाव काय?’

आईने शेवटपर्यंत एकेक फोटो पाहिला. कुठे दोन दात डोकावत होते, पण तेवढ्यावर कोणाला दाराची कडीही वाजवता आली नसती. बाबा मटकन खुर्चीत बसले.

“इतकी वर्षं सांगतेय, फोटोत बोट येतं तुमचं,” आई म्हणाली. “बरं झालं ऐकलं नाहीत.”

पण पत्ते तर होतेच, आणि कोण कधी घरी नसतं तेही. बाबांनी एकेक करून सगळं पुसलं. शेवटचा फोटो जाईपर्यंत कोणी डब्याला हात लावला नाही. मग कासवाचा फोन आला. भोक बुजलं होतं, संध्याकाळच्या आधीच, कारण त्याने जेवणाची सुट्टी घेतली नव्हती. जुन्या नोंदीही त्याने चाळल्या होत्या. आकडे बदलत इकडे तिकडे फिरलेला माणूस अ‍ॅपच्या आजवरच्या आयुष्यात एकच निघाला, आणि तो मी होतो. कोणाच्याही अल्बममध्ये दुसरं कोणी शिरलं नव्हतं. कासव म्हणाला की नियमाप्रमाणे घुसखोर म्हणून माझं खातं बंद करावं लागेल. मी म्हटलं, लगेच कर, आणि एवढ्या मनापासून म्हटलं की तो गोंधळला. माझा जीव भांड्यात पडला, बाबांचा पडला, आणि आईने त्या भांड्यांवरचं झाकण काढून आम्हाला जेवायला बसवलं.

बाबांनी तरीही सांगायचं ते सांगितलंच. चावी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला उभं करून सगळी हकिकत ऐकवली, कुलूप बदलून द्यायची तयारी दाखवली. कोणी बदललं नाही. शिंपी तेवढा म्हणाला की आता दारात बदलण्यासारखं काही उरलेलंच नाही. बाबांचा जीव खरा अडकला होता तो डॉक्टरीणबाईंपाशी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चावी पर्समध्ये टाकली.

“दुपारी मी घरी नसते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंना सोडून. त्या रोज दुपारी येऊन बेल वाजवतात.”

त्या गेल्यावर बाबांनी अर्धं राहिलेलं शटर ढकलून पार वर नेलं, टेबल पुसलं आणि मला समोर बसवलं. कंपनीला अर्ज लिहायचाय, म्हणाले. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही, त्यामुळे किती मनावर घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. अर्ज दुसऱ्या दिवशी मी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवला.

‘विषय: सुरक्षा अधिकारी पदावर अंगठ्याची नेमणूक करणेबाबत.

महोदय, आपल्या अ‍ॅपमधील कुलूप काम करीत नसतानाच्या काळात, माझ्यापुरती सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याने कोणतीही पूर्वसूचना नसताना एकट्याने पार पाडली आहे. तरी सदर अंगठ्यास मागील तारखेपासून सुरक्षा अधिकारी म्हणून कायम करण्यात यावे, सोनेरी कुलपाच्या जागी त्याचे चित्र लावण्यात यावे, आणि दुकान सोडून येणे त्यास शक्य नसल्याने आपले कार्यालय आमच्या टेबलाशेजारी हलवण्यात यावे, ही नम्र विनंती.’