विजेवरचा पंखा

“सिकंदर, काटा बघ,” पिराजी म्हणाला.

मी बघितलाच होता. गगनबावड्याच्या घाटातलं दुसरं वळण आम्ही घेतलं होतं आणि इंजिनाच्या पाण्याचा काटा तांबड्याला टेकला होता. पिराजी माझ्या शेजारी पाय लांब करून बसला होता, पोटरीला फडकं आवळून. तासाभरापूर्वी खाली कोकणात जांभ्याचा चिरा भरताना त्याला फुरसं चावलं होतं. जवळच्या दवाखान्यात लस संपलेली. तिथल्या कंपाउंडरनं सांगितलं, थेट कोल्हापूर गाठा. निम्मी गाडी भरलेली होती, ती उतरवण्यात वेळ न घालवता तशीच दामटली. फुरसं लगेच जीव घेत नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. वेळेत पोचलो तर माणूस वाचतो. वेळेतच पोचायचं होतं, बाकी काही नाही.

“पंखा लाव की.”

मी बटण दाबलं. नुसती गुरगुर झाली, मग जळक्या रबराचा वास आला आणि ती गुरगुरही थांबली.

आता या पंख्याचं सांगायलाच हवं. ट्रकचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू तर पंखा चालू. थंडी असो, पाऊस असो, गरज असो वा नसो, तो आपला फिरत राहणार आणि इंजिनाची ताकद खात राहणार. मला ते बघवत नव्हतं. त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, मुंबईच्या भंगारबाजारात एका परदेशी मोटारीचा विजेवरचा पंखा मिळाला. तो आणला, स्वतःच्या हातानं बसवला, केबिनमध्ये बटण लावलं आणि जुना पंखा काढून घरी माळ्यावर टाकला. सगळ्या ट्रक अड्ड्यावर मिरवलो. इंजिनाचा आवाज कमी, डिझेल कमी, चढाला गाडी हलकी. लोक बघायला यायचे.

एकोणीस वर्षं माझ्याबरोबर गाडी हाकणारा पिराजी तेवढा नाक मुरडायचा. “इंजानाचा पंखा इंजान चालतंय तवर चालतो,” तो म्हणायचा. “ह्यो तुझा पावणा हाय. मर्जी आसंल तर कामाला लागंल.”

“तुला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणायचो. एवढी मस्ती होती अंगात.

मी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. पंख्याची मोटार हाताला चटके देत होती. फडक्यानं धरून ती सोडवली, तिरकी केली, तर आतून पाणी ठिबकलं. गढूळ, तांबूस पाणी. मला तिथंच कळलं.

आदल्या दिवशी अवस, म्हणजे अमावास्या होती. अवसेला गाडी पंचगंगेवर नेऊन म्हशीसारखी धुवायची, इंजिनावर पाच बादल्या ओतायच्या आणि मग नारळ फोडायचा, ही आम्हां ड्रायव्हर लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माझ्या उस्तादानं मला तशीच शिकवली. पट्ट्यावरच्या पंख्याला पाण्याचं काय, तो लोखंडाचा. मी त्याच हातानं, त्याच जोमानं, पाचही बादल्या विजेच्या मोटारीवर ओतल्या. नंतर पंखा लावून बघितलासुद्धा नाही. सकाळचा गारवा, मग घाटाची उतरण, त्याची गरजच पडली नव्हती. गरजेपुरताच लावायचा, हीच तर त्याची थोरवी मी गावभर सांगत होतो.

पिराजीनं खिडकीतून वाकून ते पाणी बघितलं. म्हणाला, “ऱ्हाऊ दे ते. डबा घे, झऱ्याचं पाणी आण जा.”

मला थांबवत नव्हतं. रेडिएटर निवायच्या आधीच मी टोपण फिरवलं. वाफेचा लोट आला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. त्याच हातांनी पाणी ओतलं, त्याच हातांनी गाडी काढली. दोन वळणं गेलो की काटा पुन्हा तांबड्यात. पुन्हा थांबायचं, पुन्हा निवू द्यायचं. न थांबता रेटली असती तर इंजिन जाम झालं असतं आणि घाटातच बसलो असतो. वर जाणारी एसटी दुपारी चारशिवाय नव्हती. खाली जाणाऱ्या दोन गाड्या भेटल्या, त्यांना हात करून काय उपयोग. अल्लाचं नाव घेतलं, जोतिबाचं घेतलं, त्या पंख्याला आयमायवरून शिव्या घातल्या. चौथ्या थांब्याला पिराजी थुंकला ते रक्त होतं.

“हिरड्यांतनं येतंय,” तो म्हणाला. “जास्ती न्हाय.”

“आता आलंच गगनबावडा. वर सपाटी हाय, वारं लागंल, गाडी पळंल बघ.”

“व्हय की,” तो म्हणाला. माझी समजूत काढल्यासारखं.

अर्ध्या तासाच्या घाटाला तीन तास लागले. पुढं सपाटीवर गाडी पळवली खरी, पण इंजिनाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. कळे गावाच्या अलीकडे ते जाम झालं. एका जीपवाल्यानं आम्हांला कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात पोचवलं. लस दिली. डॉक्टर तरुण होते, बिचारे रात्रभर त्याच्याजवळ होते. सकाळी मला म्हणाले, “दोन-तीन तास आधी आणायला हवं होतं हो.”

पाचव्या दिवशी मी पिराजीच्या घरी गेलो. त्याची बायको बनाबाई बाहेरच्या सोप्यात बसली होती. माझे हात बघून ती उठली, परसातून कोरफडीचं पान कापून आणलं आणि माझ्यापुढं बसून उजव्या हाताला गर लावू लागली.

“समदी सांगत्यात, भावजी,” ती म्हणाली. “हात जाळून घेतलं, गाडी जाळली, पर त्येस्नी दवाखान्यापतोर न्हेलंसा. सख्ख्या भावानं केलं नसतं. सापाम्होरं कुणाचं काय चालतंय.”

हे मला सोसवेना. म्हणालो, “वैनी, साप न्हाय. माझ्यापायी गेला त्यो.” आणि सगळं सांगितलं. पंखा, अवस, पाच बादल्या, घाटातले ते तीन तास. ती खाली मान घालून ऐकत होती. बोटं फोडांवरून फिरतच होती, हलकी.

“आन्‌ ह्येनी?” तिनं विचारलं. “पानी वतताना ह्ये काय बोललं न्हवतं तुमास्नी?”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“बोललाता,” मी म्हणालो. “इजंच्या यंत्रावर पानी मारू नगंस म्हणला. मी म्हणलं, अवस हाय, गाडी कोरडी ठेवत्यात व्हय.”

तिची बोटं थांबली. उरलेलं पान तिनं उचललं, पदराला हात पुसले आणि आत गेली. मी डावा हात तसाच पुढं धरून बसलो होतो.

ती परत बाहेर आली नाही.