शेठनं गढी उघडी टाकली

पैज नवलनंच काढली होती. हे पुढे तो सोयीनं विसरला, पण गल्ली कशाला विसरते!

देवपुरात जीवराम आबांच्या ओट्यावर चौघं मोबाइल घेऊन बसले होते. पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा नवल, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर जीवराम आबा, समोर राहणारी, कॉलेजात शिकवणारी मोहिनी मॅडम आणि कापडवाले रिखबचंद शेठ. खेळाचं नाव 'गढी'. प्रत्येकाची एक गढी, भोवती गावं, गावात धान्य. जेवढं धान्य, तेवढी लांब फौज चालणार. फौज बाहेर काढली की परत येईपर्यंत गढी रिकामी.

"ज्याची गढी पहिली पडेल," नवल म्हणाला, "त्यानं हिवाळ्यात चौकात बसून आख्ख्या गल्लीला भरीत घालायचं. आणि दर ताटात वाढताना म्हणायचं, 'मी येडा बनलो.' मोठ्यानं, हं! आणि मधेच खेळ सोडला तरी हरला समजायचं."

"मी तर वांगं खात नाही," शेठ म्हणाले.

"तुम्हाला कोण खा म्हणतं, शेठ? तुम्ही फक्त भाजा!"

ओटा हसला. नवलला जिंकायची खात्रीच होती. आख्ख्या गल्लीला त्यानं बनवलेलं. आबांच्या स्कूटरच्या हॉर्नला कोंबड्याची बांग बसवलेली. आबा तेव्हापासून सिग्नलला आरवत फिरत होते. 'उद्या नळ येणार नाही' अशी पाटी लावून बायांना पिंपं भरायला लावलेली, अन् दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जोरात. पण नवलला कुणी बनवलं, असं एकदाही झालं नव्हतं. त्याची इस्टेट म्हणाल तर तेवढीच.

श्रावणात शेठ खेळात सुसाट सुटले. कधी झोपायचे, कधी चाल खेळायचे, कळेना. दुकानात गिऱ्हाइकापुढं साडी उलगडता उलगडता एक गाव घ्यायचे. नवलनं एक दिवस नकाशा उघडला. गढीच्या तीन बाजूंना शेठचीच गावं. चौथ्या बाजूला आबा, अन् आबांच्या पाठीला मोहिनी. हलायला वीतभर जागा नाही. खेळ सोडावा तर 'येडा बनलो'. थांबावं तर शेठ गिळणार. शेठवर चालून जावं तर मागं गढी उघडी, अन् आबांची फौज दारातच.

दुकानात पंख्याची वायंडिंग करताना हात थांबायचा. झोपेतसुद्धा तीन बाजूंनी भिंतीच पुढं यायच्या.

शेवटी त्यानं आबांना अन् मोहिनीला चहाच्या टपरीवर गाठलं.

"आपण तिघं मिळून शेठला अडवू. नाहीतर एकेकाला खातील."

"आते बठ्ठं त्यानंच शे, गावं त्यानीच, धान्य त्यानंच," आबा बशीत चहा ओतत म्हणाले. "तू व्हय पुढे. आम्ही शेतस तुना मांगे."

"मीच का पुढे?"

"कारण तुम्हीच अडकलाय, नवलभाऊ," मोहिनी म्हणाली. "जो पहिला जाईल त्याची गढी उघडी पडेल. उरलेले दोघं ती आयती घेतील. मी तरी जाणार नाही बाबा."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर?" मोहिनीला ठसका लागला. "पिंपं कोणी भरायला लावली होती?"

आयुष्यभर केलेल्या मस्करीनं त्याचीच चौथी बाजूही बंद केली होती.

अन् मग जैनांचं पर्युषण आलं. आदल्या दिवशी शेठ ओट्यावर आले, हात जोडून म्हणाले, "पर्युषण संपेपर्यंत मी खेळात हात उचलणार नाही. लढाई खेळातली झाली म्हणून काय, लढाईच ना? धान्य पडून आहे, तुम्ही तिघं वाटून घ्या."

अन् खरंच वाटून टाकलं! नवलच्या कोठारात एवढं धान्य आलं की फौज शेठच्या गढीपर्यंत जाऊन परत येईल. शेठ तर चाल खेळणारच नाहीत. नवलला घाम फुटला, आनंदाचा. भिंतीला भगदाड पडलं होतं.

त्यानं आबांच्या पायाला हात लावून शपथ घातली, "आबा, माझ्या गढीकडं बघायचं नाही."

"कोन बघस रे?" आबा म्हणाले.

मोहिनीनंही मान डोलावली. दुपारी नवलनं सगळी फौज काढली. शेठचं एक गाव घेतलं, दुसरं घेतलं, अन् खुर्चीतच नाचला. तिसऱ्या गावाच्या वेशीवर मोबाइल थरथरला.

'तुमची गढी पडली.'

नवल चपलेशिवाय ओट्यावर धावला. "आबा! शपथ होती!"

"दिसनी उघडी," आबा अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "धान्य बी होतं. मी नही जातो तं ही मोहिनी जाती."

"मी निघालेच होते," मोहिनी म्हणाली. "आबा एसटीचे ड्रायव्हर, आधी पोचले."

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, रिखबचंद शेठ गल्लीत घरोघर फिरले. नवलच्या दारात आले, वाकून हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, नवलभाऊ. मी हात उचलला नाही, पण धान्य वाटताना मनात होतं. कोण पहिला बाहेर पडेल ते मला ठाऊक होतं. माफ करा."

या माणसानं नवलला बनवलं होतं, अन् वर पाया पडत होता! नवलनं लगेच संधी साधली. "माफ केलं, शेठ. मग पैजही माफ?"

"माफी माझी होती," शेठ गोड हसले. "पैज तुमची आहे."

थंडी पडली. नवलला वाटलं होतं, लोक विसरतील. एक दिवस त्याच्या दुकानापुढं असोद्याच्या हिरव्यागार वांग्यांचं पोतं उतरलं. शेठनं जळगावहून मागवलेलं.

चौकात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला. नवल डोळे चोळत वांगी भाजत होता, सालं काढत होता, लाकडी बडगीत ठेचत होता. गल्ली ताटं घेऊन रांगेत. बाया तर जरा जास्तच नटून आल्या होत्या.

"मी येडा बनलो."

"काय? ऐकू नाही आलं," पिंपवाल्या बाया म्हणाल्या.

"मी येडा बनलो!"

आबांनी स्कूटरचा हॉर्न वाजवला. कोंबडा आरवला. चौक लोटपोट.

रांगेच्या शेवटी रिखबचंद शेठ रिकामं ताट धरून उभे.

"शेठ, तुम्ही तर वांगं खात नाही," नवल म्हणाला.

"हो ना," शेठ म्हणाले, अन् ताट तसंच पुढं धरून उभे राहिले.

नवलनं जाळाकडं बघितलं, रांगेकडं बघितलं. चारी बाजूंनी माणसं. मग त्याला आतूनच हसू फुटलं. पळी हवेत धरून, रिकाम्या ताटात काहीच न वाढता, त्यानं छाती भरून आरोळी ठोकली:

"मी येडा बनलो!"